कॉलेजात आपल्या मुलाचा सबक कोण ऐकतो?

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या समाजाच्या कोणत्याही शैक्षणिक समारंभात पाहुणा बोलायला उभा राहिला की तो प्रथम 'इक्रा' या शब्दावर बोलतो. पहिली वहीच 'वाच' या आज्ञेने सुरू झाली, असे सांगतो. आपण माना डोलावतो, टाळ्या वाजवतो, चहा-नाश्ता घेतो आणि घरी जातो. हे भाषण मीही पूर्वी अनेकदा केले आहे. आज करणार नाही. कारण मुलांना शिकवावे की शिकवू नये, हा वाद आपल्याकडे आता उरलेला नाही. पोटाला चिमटा घेऊन आई-बाप मुलांना शिकवीत आहेत, मुलीही शिकत आहेत. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मुलगा कॉलेजात गेला. तेथे त्याला कसे शिकवले जाते? तो अडला तर कोणाकडे जातो? कोणता विषय घ्यावा हे त्याला कोण सांगते? प्रवेशाची पावती खिशात आली की आपले काम संपले, अशी आपली समजूत झाली आहे. हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार आहे. तेव्हा जे आज येथे नाहीत, त्यांनीही ते आपल्यालाच उद्देशून आहे असे समजावे.

आपल्यापैकी अनेकांनी अक्कलकुव्याचा जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम पाहिला असेल. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ साली सातपुड्याच्या पायथ्याशी तो सुरू केला. २०२५ साली मौलानांचे निधन झाले. त्यांनी दीनी तालीमच्या शेजारीच औषधनिर्माणशास्त्र, अभियांत्रिकी, अध्यापक प्रशिक्षण असे अभ्यासक्रम उभे केले, याची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यच आहे. मला मात्र आज तेथील इमारतींविषयी बोलायचे नाही. कोणत्याही हिफ्जच्या वर्गात शिकवण्याची जी पद्धत असते, तिच्याविषयी बोलायचे आहे.

हिफ्जच्या वर्गात मुलगा रेहलपुढे बसतो. त्याला रोज तीन गोष्टी ऐकवाव्या लागतात. आजचा नवा पाठ म्हणजे सबक, गेल्या काही दिवसांत पाठ केलेले ते सबक-पारा, आणि फार पूर्वी झालेले ते आमोख्ता. उस्ताद प्रत्येक मुलाचे ऐकतात. चूक झाली की तेथल्या तेथे थांबवतात. सबक कच्चा असेल तर पुढचा सबक मिळत नाही. शेजारचा मुलगा दहा पाने पुढे गेला म्हणून या मुलाला कोणी ओढत नाही, आणि हा मागे राहिला म्हणून त्याच्यासाठी कोणी थांबतही नाही. कोणता मुलगा कोठे अडखळतो, हे उस्तादांना त्याच्या बापापेक्षा चांगले ठाऊक असते.

माझ्या बोलण्याचा विपर्यास होऊ नये. कॉलेजात पाठांतर करावे, असे मी म्हणत नाही. पाठांतराने पदार्थविज्ञान येत नाही, इतिहासही येत नाही. मी पाठांतराची नव्हे, ऐकून घेण्याची गोष्ट करतो आहे. प्रत्येक मुलाचे रोज ऐकून घेणारा एक माणूस त्या वर्गात असतो. आता कॉलेजात या. वर्गात शंभर-सव्वाशे मुले. अध्यापक हजेरी घेतात, त्यातच दहा मिनिटे जातात. मग व्याख्यान, मग घंटा. मुलाला समजले की नाही, हे अध्यापकांना कळते केव्हा? परीक्षेचा पेपर तपासताना. आणि तो पेपर तपासणारे अध्यापक बहुधा दुसऱ्याच गावचे. मधल्या काळात मुलगा बाजारातून गाईड आणतो, 'अपेक्षित' प्रश्नांची पुस्तिका आणतो, आणि त्यातली बारा उत्तरे घोकतो. म्हणजे आपल्या मदरशांना पाठांतरासाठी नावे ठेवायची आणि बी.एस्सी.च्या वर्गात त्याहून वाईट पाठांतर करायचे, तेही कोणी ऐकून न घेता!

यात मी स्वतःला वगळत नाही. मी बरीच वर्षे फळ्यापुढे उभा राहिलो आहे. त्यातली एक गोष्ट सांगतो.

आमच्या अकरावी सायन्सच्या वर्गात उर्दू माध्यमातून आलेली एक मुलगी होती. दहावीला तिला चांगले गुण होते. वडील गॅरेजमध्ये मिस्त्री. वर्गात ती मागच्या बाकावर बसे आणि वर्षभर एक शब्द बोलली नाही. मी प्रश्न विचारला की खाली पाही. मी मनाशी ठरवून टाकले, की मुलगी कच्ची आहे, दहावीचे गुण कसेतरी मिळालेले दिसतात. वार्षिक परीक्षेत ती तीन विषयांत नापास झाली. जूनमध्ये कार्यालयाच्या खिडकीशी वडिलांबरोबर उभी दिसली. दाखला काढायला आली होती. मी सहज म्हणालो, "बेटा, अगदी घनतेचे सोपे गणितही तू सोडवले नाहीस." तिने विचारले, "सर, घनता म्हणजे?" मी इंग्रजी शब्द सांगितला, डेन्सिटी. ती गप्प. मग मी हातातला खडू आणि डस्टर दाखवून समजावू लागलो, तोच ती म्हणाली, "सर, ये तो कसाफत है. कमियत को हज्म से तकसीम करो."

तिला सारे येत होते. वस्तुमानाला आकारमानाने भागायचे, हे ती नववीपासून जाणत होती. फक्त त्या गोष्टीचे नाव तिच्या वहीत एक होते, माझ्या तोंडी दुसरे आणि पुस्तकात तिसरे. वर्षभरात मी तिला एकदा जवळ बोलावून "तुला काय येते ते सांग" असे म्हटले असते, तर हे मला जुलै महिन्यातच कळले असते. तोवर दाखल्यावर शिक्का पडला होता. वडील म्हणाले, "साहेब, नसीब." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

नवापूरचे रेल्वे स्टेशन आपण पाहिले आहे. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. बाकावर बसले तर एक पाय या राज्यात आणि एक त्या राज्यात. आपल्या मुलांचे बसणे असेच आहे. त्रिकोणाला घरच्या शाळेत मुसल्लस म्हणतात, बाजूच्या शाळेत त्रिकोण आणि कॉलेजात ट्रँगल. प्रकाशसंश्लेषणाला जियाई तालीफ. यात उर्दूचा दोष आहे, असे कोणी म्हणू नये. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवीत असत. त्यासाठी खास दारुत्तर्जुमा काढून ग्रंथांचे अनुवाद केले होते, हजारो पारिभाषिक शब्द घडवले होते. ज्ञान कोणत्याही भाषेत मावते. अडचण होते ती एका भाषेच्या डब्यातून दुसऱ्या डब्यात चढताना. त्या वेळी हात देणारा कोणी हवा.

आणि ही केवळ आपलीच अडचण आहे, असेही समजू नका. त्याच बाकावर धडगावकडचा पावरा मुलगा बसलेला असतो. घरी पावरी, आश्रमशाळेत मराठी, आणि कॉलेजात इंग्रजी. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची साक्षरता ६४.४ टक्के निघाली. साऱ्या महाराष्ट्रात सर्वांत कमी. राज्याची सरासरी ८२.३ होती. येथील कॉलेजातला निम्म्याहून अधिक वर्ग आपल्या घराण्यातून कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच पिढी असतो, असे माझा अनुभव सांगतो. ज्याचे वडील प्राध्यापक किंवा डॉक्टर आहेत, त्याचा सबक घरी ऐकला जातो. आपल्या मुलाचा कोणी ऐकायचा? सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले, की देशातील नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुसलमान असतो आणि पदव्युत्तर वर्गात पन्नासांत एक. त्याच अहवालात असेही आहे, की शाळेत जाण्याच्या वयाची आपली फक्त ३ टक्के मुले मदरशात जातात. म्हणजे मदरशांमुळे आपण मागे राहिलो, हे म्हणणे खोटे. आपली मुले शाळेत जातात, कॉलेजच्या दारापर्यंतही येतात. मग मध्येच गळतात.

आता कोणी म्हणेल, शंभर मुलांच्या वर्गात एकेकाचे ऐकणे कसे शक्य आहे? हा प्रश्न नवा नाही. स्वातंत्र्य मिळताच सरकारने डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला. १९४९ साली त्याचा अहवाल आला. डॉ. झाकिर हुसेन या आयोगाचे एक सदस्य होते. जामिया मिलियाची दोन दशके त्यांनी अत्यल्प वेतनात सांभाळली होती, तेव्हा शिक्षकाचे काम काय असते हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. नुसत्या व्याख्यानांवर भागवू नका, त्यांच्या जोडीला ट्युटोरियल, ग्रंथालयातील काम आणि लेखी स्वाध्याय द्या, असे आयोगाने तेव्हाच सांगितले. ट्युटोरियल म्हणजे दुसरे काय? मुलांचा लहान गट, समोर शिक्षक, आणि मुलाने लिहून आणलेले त्याच्यादेखत तपासणे. आमोख्ताच तो!

नंतर पंचाहत्तर वर्षे हे कागदावर राहिले, पण निदान कागदावर तरी राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली आहे. तीत म्हटले आहे, की अध्यापकाने रोज किमान पाच तास महाविद्यालयात उपलब्ध असले पाहिजे आणि पदवी वर्गांसाठी रोज किमान दोन तास विद्यार्थ्यांना मार्गदर्शन, ग्रंथालयातील सल्ला व तत्सम कामांसाठी दिले पाहिजेत. माझी पालकांना विनंती आहे, हे दोन वाक्यांचे ज्ञान घेऊन एकदा कॉलेजात जा. भांडायला नव्हे. प्राचार्यांना अदबीने विचारा: माझ्या मुलाचे मार्गदर्शक अध्यापक कोण आहेत? ते कोणत्या वारी, किती वाजता भेटतात? त्याने या सत्रात किती लेखी स्वाध्याय दिले आणि ते तपासून परत मिळाले का? नॅकचे लोक तपासणीला येतात तेव्हा मार्गदर्शक-विद्यार्थी योजनेच्या फायली टेबलावर नीट मांडलेल्या असतात. त्या फायलीत आपल्या मुलाचेही नाव असेल. कित्येकदा त्या मुलालाच ते माहीत नसते.

दर्जा, दर्जा म्हणून जे म्हणतात, त्याची माझी कसोटी फार साधी आहे. मुलाच्या वहीत लाल शाई आहे का ते पाहा. कोऱ्या पानांपेक्षा लाल शाईने भरलेले पान मला अधिक आशादायक वाटते. कारण कोणीतरी ते वाचले आहे.

शिकवण्याइतकीच दुसरी गोष्ट आहे सल्ल्याची. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांचे नाव येते. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज एकटा वाचत बसलेला त्यांना दिसे. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे पैशाची अडचण आली तेव्हा सयाजीराव महाराजांपर्यंत त्यांनीच त्याला नेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. एल्फिन्स्टन कॉलेजातले प्रा. म्युलर यांनीही त्याला पुस्तके आणि कपडे दिले. भीमरावांची बुद्धी कोणी दिली नव्हती, ती त्यांचीच. परंतु कोणत्या दारावर जाऊन थाप मारायची, हे सांगणारा माणूस त्यांना वेळेवर भेटला.

आज अशी दारे वाढली आहेत आणि चक्रव्यूहही वाढला आहे. एकेकाळी धुळे-जळगावची कॉलेजे पुणे विद्यापीठाशी जोडलेली होती, गुणपत्रिकेतील चूक दुरुस्त करायची तर पुण्याला खेप होई. १९९० साली जळगावला विद्यापीठ आले, १९९८ साली नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला. अंतर कमी झाले. पण नव्या शैक्षणिक धोरणाने २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षातच मुलापुढे मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले विषय, श्रेयांक असा थाळाच मांडला. कशाबरोबर काय घ्यावे, हे सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला कोण सांगणार? पुष्कळदा मित्र घेतो म्हणून हा घेतो. एक वर्ष करून प्रमाणपत्र, दोन वर्षे करून पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. ज्याच्या घरी खरेच अडचण आहे त्याला ती वरदान आहे. मला भीती वाटते ती वेगळीच. आजवर ज्याला आपण शिक्षण सोडणे म्हणत होतो, त्याला आता प्रमाणपत्राचे सन्मानाचे नाव मिळेल, आणि कोणाला वाईटही वाटणार नाही.

सवलतींचेही तेच. बागवान, तांबोळी, पिंजारी अशा आपल्या कित्येक बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. तरीही बारावीचा निकाल लागल्यावर तहसील कचेरीकडे धावणारे बाप मी दरवर्षी पाहतो. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणी ही कामे अकरावीतच सुरू व्हावयास हवीत. २०२४-२५ पासून राज्य शासनाने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. परंतु प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. घाईने व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ती माफी हातची गेली. उलट, मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२ साली बंद केल्याचे जाहीर झाले, तरी तिच्या भरवशावर संशोधनाचे बेत करणारी मुले मला त्यानंतरही भेटली. चुकीचा सल्ला हा सल्ला नसण्यापेक्षाही महाग पडतो.

पालकांना दोन कडू शब्द बोलतो, राग मानू नये. पालक सभेच्या दिवशी खुर्च्या रिकाम्या असतात. सत्र चालू असताना मुलाला 'दोन महिन्यांसाठी' सुरतेला कामावर पाठवले जाते आणि तो परीक्षेच्या आदल्या आठवड्यात येतो. मुलीचा साखरपुडा नेमका पेपरांच्या तोंडावर ठेवतात. मंगल कार्यालयाची तारीख मिळत नव्हती, हे कारण मी इतक्या वेळा ऐकले आहे, की परीक्षेच्या तारखा काही लपवून ठेवत नाहीत, हे सांगायचेही आता सोडून दिले आहे. आणि अम्मींना माझे सांगणे आहे, की मुलाने आज काय शिकले ते रात्री त्याला विचारा. तुम्हाला ते समजले नाही तरी चालेल. त्याला आपल्या भाषेत सांगता आले, तर त्याला समजले आहे. सांगता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी सरांना विचारून ये म्हणावे.

विद्यार्थ्यांनो, अध्यापकांच्या खोलीचे दार ढकलायला तुम्ही घाबरता. मीही घाबरत होतो. दोघे मिळून जा. "सर, काहीच समजले नाही" असे सांगू नका, त्यावर कोणालाच काही करता येत नाही. "या ओळीपर्यंत समजले, येथून पुढे नाही" असे सांगा. उर्दू, मराठी, इंग्रजी अशा तीन रकान्यांची एक वही करा आणि रोज पाच शब्द लिहा. एखाद्या विषयात राहिलात आणि ए.टी.के.टी. मिळाली तर तोंड लपवू नका, तो विषय राहिला आहे, तुम्ही नाही.

आता कामाचे बोलतो. संस्थेच्या कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवली होती आणि त्यांनी ती मान्य केली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. आपल्या शाळेतून गेली पाच वर्षे बाहेर पडलेली मुले-मुली आज कोठे, कोणत्या वर्गात आहेत, याची यादी मुख्याध्यापक तयार करीत आहेत. दर रविवारी जोहरच्या नमाजनंतर दोन तास शाळेचे दोन वर्ग उघडे राहतील, मुलींसाठी स्वतंत्र वर्ग आणि शिक्षिका असतील. पदवी घेतलेल्या आपल्याच मुलांनी पहिल्या वर्षाच्या पाच-पाच मुलांजवळ बसायचे आणि ऐकायचे. शिकवणी घ्यायची नाही, फी नाही. मुलाने आठवड्यात लिहिलेले एक पान आणायचे, ते तपासून परत द्यायचे. आश्रमशाळेतून आलेल्या मुलांनाही दार खुले राहील. दाखल्यांच्या कामासाठी महिन्यातून एकदा निवृत्त महसूल कर्मचारी बसणार आहेत.

ऐकायला बसणारे पंधरा जण हवे आहेत. आजवर सात नावे आली आहेत, त्यातले एक माझे. कार्यालयात टेबलावर हिरव्या पुठ्ठ्याची वही ठेवली आहे, तीत नाव, विषय आणि मोकळा वेळ लिहावा. प्रवेश संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आपण बसू. येताना मुलाची वही आणा, प्रगतिपत्रक नको.